एकोणचाळीस मिनिटं

आमच्या महाराष्ट्रात साडेसहाचं व्याख्यान सात वाजून नऊ मिनिटांनी सुरू झालं, की लोक आयोजकांना नावं ठेवतात. मी ठेवत नाही. त्या एकोणचाळीस मिनिटांना इतिहास आहे.

1906 साली सरकारने 'स्टँडर्ड टाइम' लागू केला. मुंबईची स्थानिक वेळ त्याच्या बरोब्बर 39 मिनिटं मागे. घड्याळं पुढे करा म्हटल्यावर शहर खवळलं. गिरणी कामगार आधीच अंधारात उठायचा; त्याची आणखी झोप मोडायची, तीही साहेबाच्या हुकमाने? झालं! रेल्वे नव्या वेळेवर, महापालिका जुन्या 'बॉम्बे टाइम'वर, असा संसार सुरू झाला आणि चक्क 1955 पर्यंत चालला. साहेब गेला, स्वराज्य आलं, तरी घड्याळं जुळेनात! आमच्याकडे एक जुनी लग्नपत्रिका आहे. तीत मुहूर्तापुढे 'स्टॅं. टा.' असं ठसठशीत छापलंय. नाहीतर वऱ्हाड पोचायचं ते थेट पंगतीला. (काहींची मूळ इच्छा तीच असते म्हणा.)

हे सगळं मी परवा घरी रंगवून सांगितलं.

"अहो, नळवाला दहाला येतो म्हणाला होता, आता दीड वाजला," सौ. म्हणाली. "हा कुठला टाइम?"

शोध चालू आहे.