त्रिमितीय प्रतिकृतींची लेखनपद्धती : मजकूर आणि द्विमान संकेत

महाजालावर त्रिमितीय प्रतिकृती साठविण्याच्या पद्धतींचा इतिहास म्हणजे वाचनीय मजकुरावर द्विमान संकेतांनी मिळविलेला विजय, असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः तो श्रमविभागणीचा इतिहास आहे.

१९९४ साली जिनीव्हा येथील पहिल्या वर्ल्ड वाइड वेब परिषदेत डेव्ह रॅगेट यांनी ‘व्हीआरएमएल’ ही संज्ञा मांडली. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीच्या ‘ओपन इन्व्हेंटर’ स्वरूपावर आधारलेली ही भाषा १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरली. तिची फाइल साध्या मजकुराची असे व माणसास ती वाचता येई. परंतु या सोयीचे मोल थोडे नव्हते. -०.७०७१०६८ ही संख्या आस्की मजकुरात लिहावयास दहा बाइट लागतात. द्विमान पद्धतीत तिला चार पुरतात. शिवाय मजकुरातील प्रत्येक संख्या वाचून तिचे रूपांतर करावे लागते. हजारो शिरोबिंदूंच्या प्रतिकृतीत हा भार जाणवण्याइतका होतो.

२०११ मध्ये वेबजीएलमुळे ब्राउझरला ग्राफिक्स प्रोसेसरचा थेट उपयोग करता येऊ लागला. त्यास अनुरूप असे ‘जीएलटीएफ’ स्वरूप क्रोनोस समूहाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. त्याची दुसरी आवृत्ती २०१७ मध्ये आली आणि २०२२ मध्ये तीही आंतरराष्ट्रीय मानक झाली. तीत संख्यांचे समूह द्विमान रूपात राहतात व बहुधा जसेच्या तसे प्रोसेसरकडे जातात. कोणता समूह कोठे सुरू होतो, तो स्थान दर्शवितो की रंग, हे मात्र जेसन मजकुरात नोंदविलेले असते. ‘जीएलबी’ फाइलीत हे दोन्ही भाग एकत्र येतात.

तात्पर्य, मजकूर लोपला नाही. संख्यांचा भार उतरून अर्थनिर्देश तेवढा त्याच्याकडे राहिला. तो गहाळ झाल्यास उरलेल्या बाइटांवरून मूळ आकृती ओळखणे दुष्कर होय.