हिंगोलीचा व्यापारी आणि ठगाची प्रतिमा : फिलिप मेडोज टेलर यांच्या लेखनाचा पुनर्विचार

गुन्ह्याच्या खुणांवरून अज्ञात गुन्हेगाराचे वय, स्वभाव, व्यवसाय आणि सवयी यांचे अनुमान बांधण्याच्या पद्धतीस आज ‘क्रिमिनल प्रोफाइलिंग’ असे म्हटले जाते. तिचा इतिहास सांगताना सामान्यतः न्यूयॉर्कमधील बॉम्बस्फोट मालिकेच्या तपासात १९५६ साली डॉ. जेम्स ब्रसेल या मनोविकारतज्ज्ञाने केलेल्या वर्णनापासून, किंवा अमेरिकेच्या एफबीआयने १९७२ मध्ये स्थापन केलेल्या वर्तनशास्त्र विभागापासून आरंभ केला जातो. दख्खनच्या इतिहासाच्या अभ्यासकास हा आरंभ फार उशिराचा वाटेल. गुन्हेगाराची ठराविक प्रतिमा तयार करून तिच्या आधारे माणसे हुडकण्याचा एक मोठा प्रयोग त्यापूर्वी सव्वाशे वर्षे भारतातच झाला होता आणि त्याला वाचकप्रिय रूप देणारा लेखक निजामाच्या लष्करातील एक अधिकारी होता. प्रस्तुत निबंधात त्या लेखकाच्या, म्हणजे फिलिप मेडोज टेलर यांच्या, कारकिर्दीचा या एका दृष्टीने विचार केला आहे.

टेलर यांचा जन्म १८०८ साली लिव्हरपूल येथे झाला. एका व्यापारी पेढीत काम करण्यासाठी वयाच्या पंधराव्या वर्षी ते मुंबईस निघाले. परंतु पेढीची स्थिती सांगितली होती तशी नव्हती आणि एका नातलगाच्या वशिल्याने १८२४ मध्ये त्यांना निजामाच्या लष्करात जागा मिळाली. हिंदुस्थानी आणि मराठी त्यांनी लवकर आत्मसात केली. ऐन विशीत त्यांच्याकडे निजामाच्या राज्याच्या नैर्ऋत्य भागातील पोलीस व्यवस्थेचे काम आले. पुढे सुरपूर संस्थानाचा कारभार, त्यानंतर नळदुर्ग आणि १८५७ मध्ये बुलढाणा अशी त्यांची नेमणूक झाली. १८४० ते १८५३ या काळात त्यांनी लंडनच्या ‘टाइम्स’साठी वार्तापत्रेही लिहिली. तुळजापूर आणि विजापूरच्या पार्श्वभूमीवरील ‘तारा’ (१८६३) ही त्यांची कादंबरी मराठी वाचकास परिचित असते. तथापि त्यांची कीर्ती मुख्यतः १८३९ मध्ये तीन भागांत प्रसिद्ध झालेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या पहिल्या ग्रंथावर उभी आहे.

ग्रंथ कादंबरीच्या रूपात आहे. मात्र प्रस्तावनेत टेलर यांनी हा वृत्तांत बहुतांशी सत्य असल्याचे सांगितले असून माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या आपण स्वतः ऐकल्याचे नमूद केले आहे. याच प्रस्तावनेत हिंगोलीच्या छावणीतील एक प्रकरण येते. माझ्या मते संपूर्ण ग्रंथातील सर्वांत महत्त्वाचा मजकूर तोच आहे. हरिसिंग हा छावणीच्या बाजारातील प्रतिष्ठित व्यापारी. टेलर यांचेही त्याच्याशी देणेघेणे होते. मुंबईहून कापड आणावयाचे आहे, असे सांगून त्याने अधिकाऱ्यांकडून परवाना मागितला. प्रत्यक्षात ते कापड दुसऱ्या एका व्यापाऱ्याचे होते आणि ते वाटेवर आहे हे हरिसिंगास ठाऊक होते. त्या व्यापाऱ्यास त्याच्या माणसांसह वाटेत ठार करण्यात आले. हरिसिंगाने सरकारी परवान्यावर माल छावणीत आणला आणि राजरोस विकला. पुढे हाच गृहस्थ ठगांचा जमादार निघाला. छावणीच्या अगदी जवळ पुरलेली प्रेतेही उकरून काढण्यात आली.

या प्रकरणातून तपासाच्या दृष्टीने काय निष्पन्न होते? पोशाख, धंदा, पत, बोलणेचालणे, यांपैकी कशावरूनही ठग ओळखता येत नव्हता. ठगांच्या टोळ्यांत हिंदू आणि मुसलमान एकत्र असत आणि त्यांत अनेक जातींची माणसे होती. गुन्हेगाराची ठराविक प्रतिमा हाती घेऊन कोणी हिंगोलीच्या बाजारात फिरला असता तर हरिसिंगाच्या दुकानावरून तो निःशंकपणे पुढे गेला असता. टेलर यांना हे उमगले होते. त्यांच्या लेखनातील भीतीचे मूळच यात आहे.

दुसरा पुरावा कथानकातच आहे. सातशे एकोणीस खुनांची कबुली देणारा अमीर अली हा जन्माने ठग नाही. त्याच्या आईवडिलांचा खून करणारा इस्माईल या लहान मुलास वाचवितो, मुलगा म्हणून वाढवितो आणि ठगीची दीक्षा देतो. पुढे अमीर अलीच्या हातून अजाणता स्वतःच्या बहिणीचाच खून होतो. म्हणजे ज्या पुस्तकाने युरोपला ‘ठग’ हा शब्द घरोघरी पोहोचविला, त्याचा नायक रक्ताने नव्हे तर संगोपनाने गुन्हेगार झाला आहे. या विसंगतीकडे टीकाकारांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही, असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते.

प्रशासनाने मात्र उलट दिशा धरली. विल्यम स्लीमन यांचा ‘रामसीआना’ हा ग्रंथ १८३६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश आहे आणि ठग घराण्यांच्या वंशावळीही आहेत. ठगांच्या सात कवट्या एडिनबरोच्या फ्रेनॉलॉजिकल सोसायटीकडे पाठविण्यात आल्या. कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव वाचता येतो अशी त्या मंडळींची श्रद्धा होती. त्याच वर्षीच्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीत कधीही सामील असल्याचे सिद्ध होणे एवढेच जन्मठेपेस पुरेसे ठरविले. विशिष्ट खून शाबीत करण्याची आवश्यकता उरली नाही. टोळीतील सहभागाचा पुरावा प्रामुख्याने माफीच्या साक्षीदारांचा होता आणि इतरांची नावे सांगण्यावरच त्या साक्षीदारांचा जीव अवलंबून होता. अशा जबानीचे मोल इतिहासकाराने कसे ठरवावे, हा प्रश्न राधिका सिंघा (१९९८) आणि किम वॅग्नर (२००७) यांनी तपशिलाने हाताळला आहे. ठगी ही निव्वळ ब्रिटिशांची कल्पना होती, असे म्हणणे वॅग्नर यांना मान्य नाही, आणि ते योग्यच आहे. हिंगोलीची प्रेते कल्पनेतील नव्हती. प्रश्न प्रतिमेचा आहे.

ती प्रतिमा ठगांबरोबर संपली नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण समाज जन्मतः गुन्हेगार म्हणून नोंदविण्याची सोय केली. प्रथम उत्तर भारतापुरता असलेला हा कायदा १९११ मध्ये सर्वत्र लागू करण्याजोगा झाला. तत्पूर्वीच, १९०८ साली, मुंबई इलाख्यातील पोलीस अधिकारी एम. केनेडी यांचे या इलाख्यातील गुन्हेगार वर्गांवरील पुस्तक सरकारी छापखान्यातून बाहेर पडले होते. तेव्हा रत्नागिरी जिल्हा याच इलाख्यात मोडत होता. पुस्तकाची रचना पाहण्याजोगी आहे. प्रत्येक जमातीखाली तीच ती सदरे येतात : वस्तीचे ठिकाण, चेहरामोहरा व पोशाख, बोली, दिखाऊ उपजीविका, वेषांतर, गुन्ह्याची पद्धत, हत्यारे, चोरीचा माल लपविण्याच्या रीती. आजच्या प्रोफाइलमध्ये असावेत ते बहुतेक रकाने येथे आहेत. फरक एवढाच की आजच्या प्रोफाइलमध्ये एका अज्ञात व्यक्तीचा शोध असतो, तर केनेडींच्या पुस्तकात कैकाडी, पारधी, बेरड, भामटे या नावांखाली जन्मलेले प्रत्येक मूल अगोदरच सापडलेले आहे. पुढे सोलापूर येथे तारेच्या कुंपणाआड उभी राहिलेली वसाहत या विचाराचेच दृश्य रूप होय.

टेलर यांना या सर्वांचे उत्तरदायी धरणे अन्यायाचे ठरेल. १८७१ च्या कायद्यानंतर पाच वर्षांनी, १८७६ मध्ये, त्यांचे निधन झाले आणि तो कायदा घडविण्यात त्यांचा हात नव्हता. नळदुर्ग व सुरपूर येथील रयतेविषयी त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे ते आस्थेने लिहिले आहे. परंतु लेखकाने सावधपणे मांडलेले अपवाद वाचक विसरतात आणि थरार लक्षात ठेवतात. अमीर अलीचे दत्तकपण विसरले गेले. रुमाल मात्र राहिला.

मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्यानंतर सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ सालचा. ज्यांच्याविषयी एवढे लिहिले गेले त्यांनी स्वतः लिहावयास आणखी काही दशके जावी लागली. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. गायकवाडांच्या पुस्तकाचे शीर्षक म्हणजे पोलिसी नोंदीतलेच एक नाव आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता प्रकरणात तुरुंगांतील जातिनिहाय भेदभाव घटनाबाह्य ठरविला आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला.