काळ्या चेंडूचं माहेर

ग्वाल्हेरच्या दौलतगंजातल्या मराठी माणसाला एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. टीव्हीवर शेफील्डहून किंवा चीनमधून जो स्नूकर आपण बघतो, त्याचं जन्मगाव आपल्याच मध्य प्रदेशात आहे. हा खेळ जबलपूरचा. १८१७ पर्यंत ते नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होतं, पुढे इंग्रजांची मोठी छावणी झालं. दौलतराव शिंद्यांच्या तळातून वाढलेल्या आपल्या लष्करला छावणीचं जगणं वेगळं समजावून सांगायला नको. फौज तळ ठोकते, मोहीम नसते, आणि रिकाम्या हातांना काहीतरी उद्योग हवा असतो.

१८७५ च्या पावसाळ्यात जबलपूरला डेव्हनशायर पलटणीच्या ऑफिसर्स मेसमध्ये नेमकं हेच झालं. बाहेर धो धो पाऊस आणि आत बिलियर्ड्सचं टेबल. त्या टेबलावर पैसे लावून वेगवेगळे डाव चालत. ‘पिरॅमिड’मध्ये पंधरा लाल चेंडू त्रिकोणात मांडत आणि जो जास्त चेंडू पॉकेटात घालेल तो जिंके. ‘लाइफ पूल’मध्ये प्रत्येकाला आपापल्या रंगाचा चेंडू मिळे. ‘ब्लॅक पूल’मध्ये त्यांच्या जोडीला एक काळा चेंडू असे. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एकोणीस वर्षांच्या अधिकाऱ्याने हे डाव एकत्र केले. पिरॅमिडचे पंधरा लाल चेंडू तसेच ठेवून त्याने रंगीत चेंडू टेबलावर आणले आणि प्रत्येक रंगाला वेगळी किंमत दिली. निळा आणि तपकिरी मागाहून आले. (पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला चेंबरलेन तो वेगळा.)

नावही तिथेच पडलं. वूलिचच्या लष्करी अकादमीत नवख्या कॅडेटला ‘स्नूकर’ म्हणत. कुणीतरी सोपा चेंडू हुकवला, तेव्हा चेंबरलेनने त्याला हा शब्द ऐकवला; मग या खेळात आपण सगळेच नवखे, असं म्हणून वेळ सावरून नेली. शब्द खेळाला चिकटला तो कायमचा.

१८८२ मध्ये उटीच्या क्लबात नियम लिहून भिंतीवर लावले गेले. १८८५ मध्ये इंग्लंडचा बिलियर्ड्स विजेता जॉन रॉबर्ट्स कलकत्त्यात चेंबरलेनला भेटला, आणि तिथून खेळ विलायतेला गेला. मात्र हा खेळ शोधल्याचं श्रेय कुणाचं, हा वाद बरीच वर्षं चालला. अखेर १९३८ मध्ये म्हाताऱ्या चेंबरलेनने ‘द फील्ड’ या नियतकालिकाला पत्र लिहून जबलपूरची हकिकत सांगितली. ती आज मान्य झालेली आहे.

त्या पावसाळ्यातली खरी कमाई म्हणजे रंगांची किंमत. आजच्या हिशेबाने लाल १, पिवळा २, हिरवा ३, तपकिरी ४, निळा ५, गुलाबी ६, काळा ७. लाल संपले की रंग याच क्रमाने घालायचे. म्हणजे सगळ्यांत मोलाचा चेंडू सगळ्यांत शेवटी टेबलावर उरतो, आणि मागे पडलेल्याला अखेरपर्यंत आशा असते.

१९८५ च्या जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात हे साऱ्या ब्रिटनने पाहिलं. ३५ फ्रेमचा सामना. स्टीव्ह डेव्हिस ८–० ने पुढे होता. उत्तर आयर्लंडच्या डेनिस टेलरने गाठत गाठत १७–१७ केले. निर्णायक फ्रेम ६८ मिनिटं चालली. चार रंग उरले तेव्हा डेव्हिस ६२, टेलर ४४. टेलरला चारही लागत होते. तपकिरी ४, निळा ५, गुलाबी ६: झाले ५९. काळ्यावर दोघांच्याही संधी हुकल्या. शेवटी डेव्हिसचा काळा पॉकेटाशी जाऊन चुकला आणि टेलरने तो घातला. ६६–६२. संबंध अंतिम सामन्यात टेलर एकदाच पुढे गेला, तो शेवटच्या चेंडूवर. मध्यरात्र उलटल्यावरही १ कोटी ८५ लाख लोक टीव्हीसमोर बसून होते. काळ्याला सात गुण नसते, तर ही रात्र झालीच नसती.

विलायतेत खेळाची व्यवस्था उभी राहिली. १९२७ मध्ये पहिलं जागतिक अजिंक्यपद झालं, १९७६ पासून व्यावसायिक खेळाडूंची क्रमवारी लागू लागली. पण क्रमवारीची स्पर्धा भारतात यायला २०१३ उजाडलं. दिल्लीच्या त्या पहिल्या इंडियन ओपनमध्ये मुंबईचा आदित्य मेहता थेट अंतिम फेरीत पोचला. चीनच्या डिंग जुनहुईने त्याला ५–० ने हरवलं. तरी क्रमवारीच्या स्पर्धेची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय. पुढच्याच वर्षी जर्मनीत त्याने १४७ चा ब्रेक केला: पंधरा लाल, प्रत्येक लालनंतर काळा, मग सगळे रंग ओळीने. त्यानंतर मुंबई, हैदराबाद, विशाखापट्टणम, कोची असा इंडियन ओपनचा फेरा झाला. २०१९ नंतर ती स्पर्धा पुन्हा झालेली नाही.

त्या फेऱ्यात जबलपूर कधीच आलं नाही, हे मनाला लागतं. १८७५ ला आता दीडशे वर्षं झाली. खेळाच्या जन्मगावी एक मोठी स्पर्धा व्हावी, एवढी मागणी मध्य प्रदेशाने करायलाच हवी. ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींनी त्यात आपला आवाज मिळवावा, आणि क्लबात क्यू हाती घेणाऱ्या आपल्या पोरांना हे जबलपूरचं नातं आधी सांगावं.