ओप्पाची पलटण : कोरियन चाहत्यांच्या मताचा इतिहास

ऑक्टोबर 1969. आपल्या लखनौत जन्मलेला इंग्रज गायक क्लिफ रिचर्ड दक्षिण कोरियाची राजधानी सोलमध्ये आला होता. त्याचा एक कार्यक्रम इव्हा महिला विद्यापीठाच्या सभागृहात झाला. तो गाऊ लागताच मुली किंचाळल्या, रडल्या, काहींनी हातातल्या वस्तू मंचावर फेकल्या. दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांत चर्चा सुरू झाली ती गाण्यांची नव्हे, मुलींच्या चारित्र्याची. त्यांनी अंगावरची वस्त्रे काढून फेकली, ही कहाणी पुढे कित्येक वर्षे चघळली गेली. हजर असलेल्यांच्या सांगण्यानुसार ते बहुधा रुमाल होते. पण मुलींना जाहीरपणे काही आवडले, हाच मोठा गुन्हा होता. कोरियन चाहत्यांचा इतिहास लिहायचा तर सुरुवात इथून करावी लागते.

आज के-पॉप म्हटले की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. घरातली मुले बीटीएस, ब्लॅकपिंकची नावे घेऊन वाद घालतात आणि मोठी माणसे ‘हे काय खूळ’ म्हणून विषय संपवतात. कुठला अल्बम सरस, कुणाचे पुनरागमन फसले, कंपनीने कुणावर अन्याय केला, यावर ही मुले तासन् तास बोलतात. हे वाद पोरकट वाटू शकतात. पण ज्या देशात ते सुरू झाले, तिथे गाण्याविषयी मत असणे ही कधीकाळी सरकारी बाब होती.

जनरल पार्क चुंग-ही 1961 मध्ये लष्करी बंडातून सत्तेवर आले. त्यांच्या राजवटीत कोणते गाणे ‘निकोप’ आणि कोणते ‘घातक’, हे अधिकारी ठरवत. शिन जुंग-ह्यॉन या रॉक संगीतकाराला राष्ट्राध्यक्षांची स्तुती करणारे गाणे रचण्यास सांगितले गेले. त्याने नकार दिला आणि त्याऐवजी देशाच्या डोंगर-नद्यांवर गाणे केले. 1975 मध्ये तो गांजाच्या प्रकरणात तुरुंगात गेला, त्याच्या गाण्यांवर बंदी आली. किम मिन-गीच्या ‘सकाळचे दव’ या गाण्याची कथा आणखी विलक्षण आहे. आधी सरकारी मंडळींनीच ते चांगले गाणे म्हणून गौरवले. विद्यार्थी मोर्चांत ते गाऊ लागले तेव्हा त्याच सरकारने 1975 मध्ये त्यावर बंदी घातली. गाणे तेच, शब्द तेच. बदलले होते फक्त ते गाणारे गळे.

श्रोत्यांच्या मताला जागा नव्हती, तरी श्रोते होतेच. 1980 च्या आसपास चो योंग-पिल या गायकाने देश वेडा केला. त्याच्या कार्यक्रमांत शाळकरी मुली ‘ओप्पा, ओप्पा’ म्हणून ओरडत. ओप्पा म्हणजे मुलीने मोठ्या भावाला मारलेली हाक, आपला ‘दादा’. या मुलींना नाव पडले ‘ओप्पा-बुदे’. बुदे म्हणजे लष्करी तुकडी. दादाची पलटण म्हणा ना. लष्करी राजवटीतल्या देशाला मुलींच्या घोळक्यासाठीही लष्करी शब्दच सुचावा, हे मला सूचक वाटते. नावात थट्टा होती. पुढे याहून हीन शब्द आले. चाहती म्हणजे अभ्यास सोडून भरकटलेली, अक्कल नसलेली पोरगी, हे समीकरण कोरियन समाजात खोलवर रुजले.

त्याला पहिला मोठा धक्का 1992 मध्ये बसला. सो तैजी आणि त्याचे दोन साथीदार एप्रिलमध्ये एमबीसी वाहिनीवर आले. परीक्षकांनी नाक मुरडले, चाल कच्ची आणि शब्द साधारण असे शेरे मारले आणि दहापैकी 7.8 गुण दिले. तरुण प्रेक्षकांनी हा निकाल उलटा फिरवला. त्या पहिल्या अल्बमच्या 15 लाखांहून अधिक प्रती खपल्या. जाणकारांचे मत आणि चाहत्यांचे मत यांत इतकी उघड फारकत त्या देशाने पूर्वी पाहिली नव्हती, आणि यात जाणकार हरले.

खरी लढाई 1995 मध्ये झाली. सो तैजीच्या चौथ्या अल्बममध्ये ‘काळाविषयी खंत’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे एक गाणे होते. लष्करी राजवट संपली होती, निवडून आलेले सरकार होते, पण गाणी आधी समितीला दाखवण्याचा नियम तसाच होता. समितीने काही ओळी बदलण्यास सांगितले. सो तैजीने बदल केले नाहीत. त्याने सगळे शब्दच काढून टाकले आणि नुसते वाद्यसंगीत अल्बममध्ये ठेवले. चाहत्यांच्या हाती आले ते मुके गाणे. तो मुकेपणाच सर्वांत मोठा पुरावा ठरला. त्या काळी इंटरनेट घरोघरी पोहोचले नव्हते, टेलिफोनच्या तारेवर चालणाऱ्या हायटेल, चोलिआन, नाउनुरी अशा संगणक सेवा होत्या. त्यांच्या निळ्या पडद्यावर चाहत्यांनी पूर्व-तपासणीवर मजकूर लिहिला, निवेदने काढली. जून 1996 मध्ये ही पूर्व-तपासणी रद्द झाली आणि त्याच वर्षी ते गाणे शब्दांसह बाजारात आले.

या यशाचे सगळे श्रेय चाहत्यांना देण्याची पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. जोंग ते-चुन या लोकगायकाने 1990 पासून परवानगीविना अल्बम काढून, खटले अंगावर घेऊन या नियमाविरुद्ध झुंज दिली होती. त्याच्यामागे किंचाळणाऱ्या मुली नव्हत्या, म्हणून इतिहासात त्याचे नाव मागे पडते. पण लढा किशोरवयीन मुलांच्या घराघरांत पोहोचला तो त्या मुक्या गाण्यामुळे, हेही तितकेच खरे.

सो तैजीने जानेवारी 1996 मध्ये निवृत्ती घेतली आणि सप्टेंबरमध्ये एच.ओ.टी. हा गट आला. एसएम कंपनीचे ली सू-मान यांनी शाळकरी मुलांना काय आवडते याची चौकशी करून हा गट घडवला, असे सांगितले जाते. म्हणजे चाहत्याचे मत आता माल तयार होण्याआधीच विचारले जाऊ लागले. हा बदल लहान नाही. कालपर्यंत मत सरकारला नको होते, आज ते कंपनीला हवे होते.

एच.ओ.टी.चा रंग पांढरा. वर्षभरात जेक्सकीस हा गट आला, त्याचा पिवळा. शिनह्वाचा नारिंगी, जी.ओ.डी.चा आकाशी. मुली आपापल्या रंगाचे रेनकोट घालून, फुगे घेऊन सभागृहात वेगवेगळ्या भागांत बसत. दुसऱ्या गटाने आपला रंग चोरला म्हणून भांडणे होत. पुढे फुग्यांची जागा विजेच्या दिव्यांनी घेतली, प्रत्येक गटाचा दिवा निराळ्या आकाराचा. जून 2008 मध्ये सोलच्या ‘ड्रीम कॉन्सर्ट’मध्ये गर्ल्स जनरेशन हा मुलींचा गट मंचावर आला, तेव्हा इतर गटांच्या चाहत्यांनी ठरवून दिवे विझवले. नऊ मुली अंधारात, शांततेत गायल्या. याला ‘काळा समुद्र’ म्हणतात. एक शब्द न बोलता दिलेले इतके निर्दय मत मला दुसरे आठवत नाही.

पण याच पलटणींनी मालकांनाही जाब विचारला. जुलै 2009 मध्ये टीव्हीएक्सक्यू या पाच जणांच्या गटातील तिघे न्यायालयात गेले. करार 13 वर्षांचा होता. ‘कॅसिओपिया’ हे या गटाच्या चाहत्यांच्या संघटनेचे नाव. तिने लाखाहून अधिक सह्या जमवून मानवी हक्क आयोगापर्यंत तक्रार नेली. त्याच वर्षी व्यापार आयोगाने कलाकारांसाठी नमुना करार आणला आणि त्यात सात वर्षांची मर्यादा घातली. आज एखादा गट सात वर्षांनी फुटला की चाहते त्याला ‘सात वर्षांचा शाप’ म्हणतात. शाप कसला, ती लांबलचक करारांतून मिळालेली सुटका आहे. कॅसिओपिया मात्र या लढाईत दुभंगली. गेलेल्या तिघांचे चाहते आणि राहिलेल्या दोघांचे चाहते एकमेकांचे तोंड पाहीनासे झाले.

बीटीएसच्या बाबतीत चाहत्यांनी स्वतःच्या लाडक्यांनाच धारेवर धरले. जगभर त्यांची ‘आर्मी’ केवळ डोळे झाकून टाळ्या पिटते, असा समज आहे. 2016 मध्ये कोरियन चाहत्या स्त्रियांनीच त्यांच्या जुन्या गाण्यांतील काही ओळी बाईला हिणवणाऱ्या आहेत, असा आक्षेप घेतला. कंपनीने जाहीर माफी मागितली. सप्टेंबर 2018 मध्ये जपानी गीतकार यासुशी आकिमोतो यांच्यासोबत एक गाणे येणार होते. त्यांच्या आधीच्या लेखनातील स्त्रीविषयक दृष्टीवर आणि राजकीय कलावर कोरियन चाहत्यांनी हरकत घेतली आणि गाणे मागे घेतले गेले. परदेशातील अनेक चाहत्यांना हा गोंधळ कळलाच नाही. जपानी सत्तेची 35 वर्षे ज्यांच्या आजी-आजोबांनी भोगली, त्यांना तो समजावून सांगावा लागत नव्हता.

आता दुसरी बाजू. मत देण्याचा हक्क कधी मालकीहक्कात बदलतो, हे सांगणारी घटना फेब्रुवारी-मार्च 2024 मधली. एस्पा गटातील कारिना एका अभिनेत्याच्या प्रेमात असल्याची बातमी आली. काही चाहत्यांनी विजेच्या फलकाचा ट्रक कंपनीच्या दारात उभा केला, तिने हाताने माफीपत्र लिहिले. प्रेम केले म्हणून माफी! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राईझ गटात सुंगहान हा मुलगा परतणार असे जाहीर झाले, तर विरोधकांनी कंपनीच्या इमारतीसमोर शेकडो अंत्यविधीची पुष्पचक्रे मांडली. घोषणेनंतर दोनच दिवसांत तो बाहेर पडला. जिवंत मुलाच्या नावाने अंत्यविधीची फुले पाठवणे हे ‘मत’ कसे असू शकते?

त्याआधी 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुली आणि गू हारा या दोन तरुण गायिकांचे अवघ्या सहा आठवड्यांच्या अंतराने मृत्यू झाले. दोघींनीही वर्षानुवर्षे विखारी शेरेबाजी सोसली होती. दाउमने ऑक्टोबर 2019 मध्येच आणि नेव्हरने मार्च 2020 मध्ये मनोरंजनाच्या बातम्यांखालील प्रतिक्रिया बंद केल्या. ज्या देशात सरकारी समितीने गाण्याचे शब्द काढायला लावले म्हणून चाहते उठले, तिथे चोवीस वर्षांनी चाहत्यांचे शब्दच बंद करण्याची वेळ आली. यात केवळ दुष्ट चाहते होते असे म्हणून सुटता येणार नाही. द्वेषाच्या प्रत्येक ओळीवर जाहिरातीची कमाई होत होती.

पैशाचा विषय निघालाच आहे तर थोडे विक्रीविषयी. 2010 पासून अल्बमच्या पाकिटात कलाकारांची छोटी छायाचित्रे येऊ लागली. कुणाचे निघेल हे नशीब. हवा तो चेहरा मिळेपर्यंत चाहते तोच अल्बम पुन्हा पुन्हा घेतात आणि विक्रीचा आकडा फुगतो. ‘आमच्या गटाचा आकडा मोठा’ हा आजच्या वादातला सर्वांत आवडता मुद्दा आणि माझ्या मते सर्वांत पोकळ मुद्दा. बिनाका गीतमालेच्या काळात झुमरी तिलैयाहून पत्रांचे गठ्ठे जायचे, तेही आठवा. पण पोस्टकार्ड लिहिणाऱ्याला निदान गाणे तरी ऐकावे लागे!

शेवटी पुन्हा इव्हा विद्यापीठ. जुलै 2016 मध्ये तिथल्या विद्यार्थिनी प्रशासनाच्या एका निर्णयाविरुद्ध इमारतीत ठाण मांडून बसल्या होत्या. मोठा पोलीस बंदोबस्त आत शिरला. मुलींनी एकमेकींचे हात धरले आणि गायला लागल्या. त्यांनी जुने क्रांतिगीत निवडले नाही. गर्ल्स जनरेशनचे 2007 चे पहिले गाणे, ‘पुन्हा भेटलेले जग’, त्या गात होत्या. काळ्या समुद्रात गायलेला तोच गट. तेव्हा राष्ट्राध्यक्ष होत्या पार्क ग्युन-हे, म्हणजे गाण्यांवर बंदी घालणाऱ्या जनरल पार्क यांच्या कन्या. त्या विद्यापीठातून सुरू झालेली चौकशी पुढे त्यांच्यापर्यंत पोहोचली आणि मार्च 2017 मध्ये त्यांना पद सोडावे लागले. त्या आंदोलनात लोक मेणबत्त्या घेऊन येत. वारा आला की मेणबत्त्या विझतात, असे सत्ताधारी पक्षाचा एक खासदार म्हणाला होता.

3 डिसेंबर 2024 च्या रात्री राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी लष्करी कायदा जाहीर केला. संसदेने तो काही तासांत रद्द करवला. त्यानंतरच्या दिवसांत संसदेबाहेर कडाक्याच्या थंडीत माणसे जमली. त्यांत तरुण मुली मोठ्या संख्येने होत्या आणि त्यांच्या हातात मेणबत्त्या नव्हत्या. कपाटातले गाण्याच्या कार्यक्रमांचे दिवे त्यांनी आणले होते. पांढरे, हिरवे, गुलाबी, प्रत्येक गटाचा वेगळा. जे रंग एका सभागृहात एकमेकांशेजारी बसत नसत, ते एका रस्त्यावर एकाच तालात हलत होते. साठीतली माणसे त्या मुलींकडून गाण्यांची नावे विचारून घेत होती, आणि मुली ‘सकाळचे दव’ शिकत होत्या.

14 डिसेंबरला 300 पैकी 204 मतांनी महाभियोग मंजूर झाला. बाहेर निकाल कळताच ध्वनिक्षेपकावर गाणे लागले, ‘पुन्हा भेटलेले जग’.