कावळ्यावरचा आळ

अष्टागरात, नागाव-चौलच्या वाड्यांमध्ये, नारळाची वाळलेली झावळी खोडाला कितीतरी दिवस लोंबकळत राहते. देठाची पकड आतून सुटत आलेली असते. तिच्यावर कावळा टेकतो आणि ती धाडकन खाली येते. बघणाऱ्याला कावळ्याने झावळी पाडलेली दिसते. हो, दिसतेच, तर्क करायला त्याला वेळच मिळालेला नसतो.

'कावळा बसायला आणि फांदी तुटायला' या म्हणीचं मूळ संस्कृतातल्या काकतालीय न्यायात आहे. पाणिनीने असे शब्द कसे घडतात ते सूत्रात सांगितलं. त्यावरच्या काशिकावृत्तीत कावळा योगायोगाने येतो, योगायोगानेच ताडाचं फळ पडतं, आणि त्याखाली कावळाच मरतो. दुसऱ्या कथेत कावळा बसतो नि फळ गळून पडतं. मराठीत फळाची फांदी झाली, आणि कावळ्याचं वजन हेच कारण वाटू लागलं. बळी गेलेल्यावरच आळ आला! कथेचं हे वळण मला फार अर्थपूर्ण वाटतं. दोन हालचाली लागोपाठ झाल्या की आधी हलला तो कर्ता, हा निवाडा डोळा परस्पर देऊन टाकतो.

त्या निवाड्याची मोजदाद बेल्जियममधल्या लूव्हाँच्या मानसशास्त्रज्ञ आल्बेर मिशॉत यांनी केली. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४६ साली आलं. फिरत्या तबकडीवर रंगवलेले पट्टे अरुंद फटीतून दाखवले की दोन चौकोन सरकताना दिसत. पहिला येऊन दुसऱ्याला भिडे आणि थांबे. त्याच क्षणी दुसरा निघे. तिथे रंगाखेरीज काहीच नव्हतं, तरी लोकांना धक्का स्पष्ट दिसे. हे नुसते पट्टे आहेत असं सांगूनही तो पुसला जात नसे. पण मध्ये सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा खंड पडला की धक्का नाहीसा, दोन सुट्या हालचाली उरत. वाडीतही कावळा उडून गेल्यावर सावकाश पडलेल्या झावळीचा दोष त्याला कोणी देत नाही.

तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७३९ मध्ये म्हटलं होतं की कार्यकारण डोळ्यांना दिसत नाही, सवयीने मन ते जोडतं. सवयीला काही वर्षं तरी लागायला हवीत. पण १९८७ मध्ये लेस्ली आणि कीबल या संशोधकांनी सहा महिन्यांच्या बाळांना अशीच चित्रफीत कंटाळा येईपर्यंत दाखवली, मग ती उलटी फिरवली. धक्का देणारा आणि खाणारा यांची अदलाबदल होताच बाळं पुन्हा टक लावून पाहू लागली. मध्ये खंड असलेली फीत उलटी केली तेव्हा त्यांना तेवढं नवल वाटलं नाही.