गुंठ्यापासून पिक्सेलपर्यंत: जव्हार-मोखाड्याच्या जमिनीचा वेध

गुंठा हे माप मोजणीच्या साखळीतून आले. मुंबई इलाख्यातील साखळी ३३ फुटांची असे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. गुंठ्याचेही सोळा आणे. बांध घातलेल्या भातखाचरात ही साखळी सरळ पडे. जव्हार आणि मोखाड्याच्या वरकस, म्हणजे भरड पिकांच्या, उतारांवर मात्र तिचा मेळ बसणे कठीण होते, आणि अडचण केवळ चढाची नव्हती. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर कुटुंबे उतारावर पहिल्या वर्षी नागली, मग वरी, मग खुरासणी किंवा उडीद घेतात आणि नंतर काही वर्षे जमीन पड ठेवतात. पडीवर झुडपे वाढली की बाहेरच्या माणसाला ते रान वाटते. कसणाऱ्याच्या लेखी ते शेतच असते. १९४८ पर्यंत जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते, तर मोखाडा ब्रिटिशांच्या ठाणे जिल्ह्यात. कारभार वेगळे असले, तरी उतारावरच्या जमिनीचा हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच होता.

जमिनीला हात न लावता तिची माहिती मिळवणे म्हणजे सुदूर संवेदन. त्याची पहिली पायरी हवाई छायाचित्रण. विमान सरळ रेषेत उडत असताना प्रत्येक छायाचित्र आधीच्या छायाचित्रावर सुमारे ६० टक्के चढेल अशा बेताने टिपले जाते. एकाच डोंगराची दोन जागांहून घेतलेली ही चित्रे स्टिरिओस्कोपखाली शेजारी ठेवली, की डोळ्याला खोली दिसते आणि समोच्च रेषा काढता येतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांना या पद्धतीचा मोठा आधार मिळाला. वरून मोजताना उतार आखडतो, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते: ३० अंशांच्या चढावरची ४० गुंठे जमीन नकाशावर ३५ गुंठेही भरत नाही.

१९७२ मध्ये अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह कक्षेत गेला. त्याचा संवेदक हिरव्या आणि लाल प्रकाशाबरोबर डोळ्याला न दिसणारे निकट-अवरक्त किरणही नोंदवत असे. हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि अवरक्त किरण जोरात परतवते. म्हणून अवरक्ताला लाल रंग देऊन तयार केलेल्या प्रतिमेत दाट झाडी गडद लाल दिसते. प्रतिमेतील लहानात लहान चौकोन म्हणजे पिक्सेल. लँडसॅटचा पिक्सेल सुमारे ८० मीटरचा, म्हणजे दीड एकराहून मोठा होता. नागलीचा तुकडा, शेजारचा खडक आणि ओढ्याकाठची झाडे या सगळ्यांचा त्यात एकच सरासरी रंग होई.

१७ मार्च १९८८ रोजी भारताचा आयआरएस-१ए उपग्रह गेला. त्याच्या अधिक बारीक कॅमेऱ्याचा पिक्सेल ३६.२५ मीटरचा, म्हणजे १३ गुंठ्यांचा होता. १९९५ च्या आयआरएस-१सी उपग्रहावरील लिस-३ संवेदकाने तो साडेपाच गुंठ्यांवर आणला. २००३ मध्ये रिसोर्ससॅट-१ उपग्रहावरील लिस-४ ने गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्शावर. मे २००५ मध्ये गेलेल्या कार्टोसॅट-१ चा पिक्सेल अडीच मीटरचा, म्हणजे एका गुंठ्यात सुमारे सोळा. गुंठ्यातला आणा आकाशातून दिसू लागला, पण काळ्या-पांढऱ्या चित्रात.

पिक्सेल कितीही बारीक झाला, तरी ऋतू आडवा येतोच. जून ते सप्टेंबर या भागावर ढग असतात, आणि भात व नागली शेतात उभी असते ती नेमकी तेव्हा. रडार ढगाआड पाहू शकते, पण डोंगरउतारावर त्याच्या प्रतिमेत विकृती येते. चैत्र-वैशाखात पानझडीचे रान उघडे पडते आणि त्याचा लाल रंग फिका होतो. राबाचे, म्हणजे रोपांसाठी पालापाचोळा जाळून भाजलेल्या जागेचे, काळे चौकोन तर इतके लहान, की जाड पिक्सेलमध्ये ते हरवतात. ढग आणि पानझड दोन्ही टाळण्यासाठी भारतीय वन सर्वेक्षण साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरच्या प्रतिमा पसंत करते. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्रावर १० टक्के छत्र असेल, तर ते वनाच्छादन धरले जाते, जमीन कोणाचीही असो. मोह-आंब्याची झाडे राखलेला वरकस तुकडाही त्यात बसू शकतो.

२००६ च्या वन हक्क कायद्याने या प्रतिमांना थेट माणसांच्या पोटाशी नेऊन भिडवले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या वनजमिनीवरचा हक्क जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत मान्य होतो, त्यामुळे २००५ च्या प्रतिमेला पुराव्याचे मोल आले. त्या हंगामात नांगरलेला 'प्लॉट', म्हणजे कसण्यातला वनजमिनीचा तुकडा, तीत उमटतो. त्याच वर्षी पड असलेला प्लॉट रानात मिसळून जातो. असा दावा केवळ चित्रावरून फेटाळणे हा अन्याय ठरतो. २०१२ च्या दुरुस्त नियमांनी म्हणूनच स्पष्ट केले, की उपग्रह प्रतिमा इतर पुराव्याला पूरक राहील, त्याची जागा घेणार नाही. बांध, झोपडी यांसारख्या जागेवरच्या खुणा आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही याच नियमांप्रमाणे ग्राह्य पुरावा आहे.