क्लब कुणाच्या नावावर आहे?

पालक मंडळी, शाळा सुरू झाल्या की आपल्या ग्रुपवर तोच प्रश्न फिरायला लागतो: मुलाला फुटबॉलसाठी कुठे घालू? फी किती, कोच कुठला, बस येते का, दोन भावंडांना सवलत आहे का. याची उत्तरं देणारे ग्रुपवर बरेच आहेत, म्हणून मी त्यात पडत नाही. मला त्याच्या अलीकडचा प्रश्न पडतो. पेशाने सीए आहे, त्यामुळे कुठलीही संस्था दिसली की आधी डोक्यात येतं: ही उभी कशावर आहे? उद्या पैसे देणारा निघून गेला तर काय उरेल? फुटबॉल क्लबांचा इतिहास मी याच चष्म्यातून वाचत गेले. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या रास अल खैमापासून सुरुवात करते. बाहेरच्या लोकांना या गावाचं नाव कळलं ते इनिएस्तामुळे. ऑगस्ट २०२३ मध्ये आंद्रेस इनिएस्ता इथल्या एमिरेट्स क्लबात खेळायला आला. (विमान कंपनीशी काही संबंध नाही, हा प्रश्न मला दहा वेळा विचारून झालाय.) २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ११६ व्या मिनिटाला नेदरलँड्सवर गोल मारून स्पेनला कप मिळवून देणारा तो हाच. वय ३९. मुलांना तर खरंच वाटेना. पण हंगाम संपला तेव्हा क्लब वरच्या लीगमधून खाली घसरला होता, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये इनिएस्ताने निवृत्ती जाहीर केली. जगज्जेता आणूनही संघ वाचला नाही.

या क्लबाला असले धक्के नवीन नाहीत. तो १९६९ चा, म्हणजे देशापेक्षा जुना. यूएई झाला डिसेंबर १९७१ मध्ये आणि रास अल खैमा त्यात आलं फेब्रुवारी १९७२ मध्ये. इनिएस्ताने तो गोल मारला त्याच २०१० साली या क्लबाने प्रेसिडेंट्स कप जिंकला, आणि त्याच हंगामात तो लीगमध्ये खालच्या श्रेणीत गेला. कप जिंकल्यामुळे २०११ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीग खेळायला पात्र, आणि घरी मात्र दुसऱ्या श्रेणीत! इस्फहान, दोहा आणि रियाधचे संघ त्यांच्या गटात होते. एखाद्या तालुक्याच्या संघाने रणजी उपांत्य फेरी गाठावी आणि जिल्हा लीगमधून हाकलला जावा, तसं काहीसं.

इथल्या फुटबॉलचा जुना काळ संपूर्ण हौशी होता, हे आज सांगूनही पटत नाही. खेळाडू दिवसा लष्करात, पोलिसात, कचेरीत नोकरी करायचे आणि संध्याकाळी मैदानावर यायचे. १९९० च्या विश्वचषकात खेळलेला यूएईचा संघसुद्धा व्यावसायिक नव्हता. व्यावसायिक लीग सुरू झाली ती २००८ मध्ये, आणि मग क्लबांनी फुटबॉलसाठी वेगळ्या कंपन्या काढल्या. तोवर क्लब म्हणजे गावातल्या पोरांची बसण्याची जागा. कित्येक क्लबांच्या अरबी नावात ‘रियाधी’च्या जोडीला ‘सकाफी’ असतं, म्हणजे क्रीडा आणि सांस्कृतिक. हे शब्द लक्षात ठेवा, पुढे कोल्हापुरात कामाला येतील.

पण रास अल खैमातला मला सगळ्यात जवळचा वाटणारा क्लब वेगळाच आहे, आणि त्याचं नाव तुमच्यापैकी फार कुणी ऐकलं नसेल. जझिरत अल हमरा. अल हमरा व्हिलेजमध्ये राहणारे आपले लोक ज्या पडक्या गावात पाहुण्यांना फोटो काढायला नेतात, भुताखेताच्या गोष्टी सांगतात, तेच गाव. समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडांची घरं, मशीद, टेहळणीचा बुरूज. हे झआब जमातीचं गाव, मोत्यांवर जगणारं. खाडीतले मोती तेव्हा मुंबईच्या बाजारात विकले जायचे. १९६६ पर्यंत या किनाऱ्यावर रुपया चालायचा. १९५९ पासून रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटा छापत होती. म्हणजे आपण इथे पहिल्यांदा आलो असं समजायचं कारण नाही. जपानी कृत्रिम मोत्यांनी १९३० च्या दशकात तो धंदा मोडला. गाव तरीही तग धरून होतं. १९६८ च्या सुमारास मात्र बहुतेक सगळी घरं उठून अबू धाबीला गेली. तिथे तेलाचा पैसा आला होता, घरं मिळत होती. अबू धाबीत आजही अल झआब नावाचा भाग आहे.

म्हणजे गाव उठलं. पण जुन्या घरांच्या आसपास पुढे नवी वस्ती झाली, आणि त्या वस्तीच्या फुटबॉल क्लबाने नाव तेच ठेवलं: जझिरत अल हमरा. तो देशाच्या खालच्या श्रेणीत खेळतो, टीव्हीवर दिसत नाही, तिथे इनिएस्ता येणार नाही. ज्या गावच्या घरांना छप्पर राहिलं नाही त्या गावाचं नाव अजून सामन्यांच्या वेळापत्रकात छापलं जातं. ताळेबंदात ‘नावलौकिक’ म्हणून एक मालमत्ता दाखवतात. विद्यार्थ्यांना ती समजावताना मी नेहमी अडखळायचे, आता हे उदाहरण देते.

हौशी क्लब सरकारी खजिन्याशिवाय किती पिढ्या टिकू शकतो ते बघायचं तर इथून कोल्हापूरला जावं लागेल.

कोल्हापूर म्हटलं की कुस्ती, आणि ते बरोबरच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबाग मैदान बांधलं, आणि पेठेपेठेत तालमी होत्याच. तालीम म्हणजे नुसता आखाडा नाही. गणपती तिथला, शिवजयंती तिथली, लेझीम तिथलं, भांडण मिटवायचं ते तिथेच आणि उकरून काढायचं तेही तिथेच. या तालमींनी फुटबॉल उचलला. १९४० मध्ये, संस्थानच्या काळात, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. केएसए म्हणतात तीच. आजही शाहू स्टेडियमवर लीग तीच भरवते.

आता संघांची नावं वाचा. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, जुना बुधवार तालीम, फुलेवाडी, प्रॅक्टिस क्लब. आणि माझं लाडकं: उत्तरेश्वर प्रासादिक वाचनालय. वाचनालयाचा फुटबॉल संघ! मघाशी ‘सकाफी’ लक्षात ठेवायला सांगितलं ते यासाठी. कोल्हापुरात कुणी ठरवून ‘फुटबॉल क्लब काढूया’ असं फारसं म्हटलंच नाही. आधी पेठ होती, पेठेची तालीम किंवा मंडळ होतं, आणि ते संध्याकाळी फुटबॉल खेळायला लागलं. युरोपातले बरेच जुने क्लबही चर्च, कारखाना नाहीतर रेल्वेच्या कामगारांतून निघालेत. एकत्र बसणारी माणसं आधी जमली, चेंडू नंतर आला.

तालीम टिकते कशी, याचं हिशेबी उत्तर अगदी कोरडं आहे. नोंदणीकृत मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली येतं. अनुसूची आठमध्ये ताळेबंद, नऊमध्ये उत्पन्न-खर्च, अशी ठरलेली चौकट. त्यात जमेला वर्गणी आणि देणग्या, खर्चाला मांडव, किट, बक्षिसं. वर्षाअखेरीस शिल्लक जेमतेम. कागदावर बघाल तर कुठलीही बँक दारात उभी करणार नाही. पण पेठेत, भर वस्तीत, मंडळाची स्वतःची वास्तू असते. ती कुणा एकाच्या नावावर नसते, त्यामुळे एकाच्या मुलाने विकून कॅनडाला जायचा प्रश्न येत नाही. आणि वर्गणी देणारा माणूस उद्या उपनगरात फ्लॅट घेऊन गेला तरी पावती फाडायला पेठेतच येतो. हे दुसरं कुठल्याच अनुसूचीत बसत नाही.

याचं कौतुक करताना डोळे मिटून चालत नाही. पेठेचा अभिमान स्टेडियमवर येतो तेव्हा नुसत्या हलग्या घेऊन येत नाही. सामन्यांनंतर हाणामाऱ्या झाल्यात, पोलीस बंदोबस्त लागलाय, स्पर्धा थांबवाव्या लागल्यात. खेळाडूने एका तालमीकडून दुसऱ्या तालमीकडे नोंदणी केली की घरावर रुसवे येतात. अलीकडे आफ्रिकेतले खेळाडू आणायची चढाओढ लागली, त्यामुळे ‘हौशी’ हा शब्द किती ताणायचा हाही प्रश्नच आहे. आणि मोठा दोष म्हणजे तालीम ही पुरुषांची जागा. पोरीबाळी मैदानावर आल्या त्या बऱ्याच उशिरा, आणि बऱ्याचदा तालमीच्या दारातून नव्हे, शाळांच्या मैदानांतून.

म्हणून गडहिंग्लजचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जात नाही. हिरण्यकेशीच्या काठचं, कर्नाटक सीमेलगतचं तालुक्याचं गाव, आणि फुटबॉलचं वेड कोल्हापूरच्या तोडीस तोड. तिथल्या गडहिंग्लज युनायटेडच्या स्पर्धेला दिवाळीत बाहेरचे संघ येतात; फराळ आणि फुटबॉल एकत्रच. त्याच तालुक्यातल्या बेकनाळ गावची अंजू तुरंबेकर फुटबॉल प्रशिक्षक झाली आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या तळागाळातल्या मुलांच्या विभागाची प्रमुख झाली. आपल्यापैकी निम्म्यांना मुली आहेत. ‘फुटबॉल मुलांचा’ म्हणून कथ्थकला नाव नोंदवण्याआधी हे एकदा वाचा. (कथ्थकवर राग नाही, माझीही जाते.)

कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. रिक्षाचालकाचा मुलगा. तो घडला मात्र पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, लहानपणीच घर सोडून. हे सांगायचं कारण असं की तालीम मंडळ खेळाडू घडवायचा कारखाना नाही. पोषण, फिजिओ, वयोगटानुसार प्रशिक्षण, या बाबतीत आपल्या इथल्या अकादम्या किती तरी पुढे आहेत, आणि त्याचेच पैसे आपण भरतो. त्यात काही चूक नाही. फक्त आपण जे विकत घेतो ते प्रशिक्षण आहे. फी थांबली की नातं थांबतं.

आता आपला प्रश्न. आमच्या इमारतीतल्या मुलांचा एक संघ होता, शनिवारी सकाळी खेळायचा. दोन वर्षांत निम्मी मुलं गेली: कुणाच्या वडिलांची बदली, कुणाचा व्हिसा संपला, कुणी दहावीसाठी पुण्याला आजीकडे. उरलेल्यांचा संघ होईना. तेव्हा काही उत्साही बाबांनी सुचवलं की आपण मराठी फुटबॉल क्लबच काढू, वर्गणी गोळा करू, सीए घरातच आहे. मला नाही म्हणावं लागलं, आणि कारण तुम्हालाही माहीत असायला हवं. यूएईत व्यक्तींनी देणग्या गोळा करायला बंदी आहे. २०२१ च्या संघराज्य कायदा क्रमांक ३ प्रमाणे परवानगी असलेल्या संस्थाच ते करू शकतात. मैदानाचं भाडं आपापसात वाटून घेणं वेगळं, पावती पुस्तक घेऊन फिरणं वेगळं. गणपतीच्या सवयीने हात पुढे करू नका.

मग तालीम इथे रुजणार नाही का? वास्तू आपल्या नावावर नाही, वर्गणी काढता येत नाही, माणसं कराराने येतात आणि कराराने जातात. बऱ्याच काळापर्यंत इथले क्लबही आपल्या मुलांसाठी बंदच होते; अधिकृत स्पर्धांत नागरिकच खेळायचे. २०१७ मध्ये ते बदललं. राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने एमिराती मातांची मुलं आणि या देशात जन्मलेली रहिवासी मुलंही अधिकृत स्पर्धांत खेळू शकतील असं ठरलं. ही बातमी आपल्या ग्रुपवर मी फारशी पाहिली नाही. आपली कितीतरी मुलं इथल्याच दवाखान्यांत जन्मलीत. त्यांना अकादमीच्या शनिवारच्या लीगपलीकडे एक दार आहे, आणि ते गावच्या क्लबातून जातं.

दारावर काय लिहिलंय ते अरबीत आहे, ही अडचण आहेच. सराव मगरीबच्या नमाजनंतर सुरू होतो, कोच इंग्रजी जेमतेम बोलतो, आणि पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप नाही, हे तर आपल्याला सगळ्यात जड जाईल! पण विचार करा, मंगळवार पेठेत नव्याने राहायला आलेल्या बिऱ्हाडाच्या पोराला बालगोपालच्या मैदानात कुणी आमंत्रण पाठवलं असेल? ते कडेला उभं राहिलं असेल, बाहेर गेलेला चेंडू आणून दिला असेल, आणि एक दिवस एक गडी कमी पडला असेल.

माझा धाकटा नऊ वर्षांचा आहे, जन्म इथलाच. या हंगामात त्याला कडेला उभं करून बघणार आहे. कागदपत्रं काय लागतात, जन्मदाखला कुठला चालतो, वयोगट कसे, हे कळलं की कमेंटमध्ये टाकते. तुमच्याकडे कसं आहे तेही लिहा. मेलबर्न, न्यू जर्सी, म्युनिक, कुठेही असा. तुमच्या मुलाचा क्लब किती साली निघाला, कुणी काढला, आणि त्याची इमारत कुणाच्या नावावर आहे, एवढं विचारून या.